दहा माणसांची आवृत्ती

'आपल्या व्यवसायाला साजेशी आवृत्ती निवडा, अवघ्या पाच मिनिटांत,' असं त्या माहितीपत्रकावर छापलेलं होतं. मला सात आठवडे लागले. या सात आठवड्यांत माझं वजन चार किलोंनी घटलं, बायको दोनदा रुसली, माझ्या लग्नाचा साक्षीदार जन्मभरासाठी दुरावता दुरावता राहिला, आणि कचेरीतल्या दहा माणसांनी माझ्याशी या ना त्या कारणाने अबोला धरला. ज्याने ते माहितीपत्रक लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. मारणार नाही. फक्त त्याला आमच्या कचेरीत आणून पाच मिनिटं बसवणार.

आमची फर्म निश शहरातल्या लिफ्ट सांभाळते. लिफ्ट दोनशे चौदा, माणसं अकरा. फर्म माझी नाही, माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांचं नाव ग्वोझ्देन, वय शहात्तर, एक गुडघा कामातून गेलेला आणि आवाज मात्र आठव्या मजल्यावरून तळघरापर्यंत पोचेल असा. मी तिहोमिर. एकोणीस वर्षांपूर्वी मी त्यांच्या स्टानाशी लग्न केलं आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच फर्ममध्ये, त्यांच्याच जुन्या खुर्चीत जाऊन बसलो. आमच्याकडे घरजावयाला काय मान असतो ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की या गल्लीत मला एकोणीस वर्षांत कोणी नावाने हाक मारलेली नाही. मी 'स्टानाचा नवरा' आहे, आणि फर्ममध्ये 'आमचा जावई'. टेबलावर पाटी 'कार्यालय प्रमुख' अशी आहे, पण ती मीच करून आणलेली आहे.

ऑगस्टमध्ये शहराच्या इमारत कार्यालयाने कंत्राटाची जाहिरात काढली. दर पाच वर्षांनी काढतात. त्यांच्या इमारतींतल्या लिफ्ट म्हणजे आमचं जवळजवळ सगळं काम. ते गेलं तर पाचही मेकॅनिकांना घरी बसवावं लागणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. या खेपेला एक नवी अट होती. बोली लावणाऱ्याकडे कागदपत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर असलंच पाहिजे. शेवटची तारीख सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार, दुपारी दोन.

सासऱ्यांनी ती अट तीन वेळा वाचली, चष्मा काढला, आणि एकोणीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं. "जावई, हे मला कळत नाही. तू शिकलेला आहेस. तू ठरव, मी मध्ये पडणार नाही."

त्या दिवशी मी घरी चालत गेलो नाही, तरंगत गेलो. स्टानाला सांगितलं तर ती भांडी विसळत म्हणाली, "बाबा म्हणाले तसं? बरे आहेत ना ते?"

आता त्या सॉफ्टवेअरबद्दल. त्याचं नाव मी या तोंडाने घेणार नाही. त्याच्या तीन आवृत्त्या होत्या: लहान, मधली आणि मोठी. तिघींची तुलना करणारा एक तक्ता होता, सत्तेचाळीस ओळींचा. प्रत्येक ओळीत हिरवी खूण नाहीतर लाल फुली. मी अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. मी तो तक्ता छापून भिंतीला लावला आणि रोज सकाळी उभं राहून वाचला. 'बहुस्तरीय मान्यता' मोठीत होती, मधलीत नव्हती. आमच्याकडे मान्यतेचा एकच स्तर आहे आणि तो सासरे आहेत. 'जीवनचक्र व्यवस्थापन' मधलीतही होतं. कोणाचं जीवन, कसलं चक्र, काही पत्ता लागेना. मोठीत तर 'यशस्वितेची काळजी घेणारी स्वतंत्र व्यक्ती' मिळणार होती. दर महिन्याला ही व्यक्ती फोन करून तुम्ही यशस्वी आहात का ते विचारणार. मला त्या व्यक्तीची गरज नव्हती. माझ्याकडे सासूबाई आहेत.

त्यात सप्टेंबर लागला. सप्टेंबरात आमच्या इमारतीच्या अंगणात शेगड्या पेटतात, लाल मिरच्या भाजल्या जातात आणि अख्खी इमारत धुरात उभी राहून एकमेकांना अक्कल शिकवते. मी फक्त कचरा टाकायला खाली गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मेजर मिलुटिन यांनी मला चिमट्याने थांबवलं.

"शेजारी, सॉफ्टवेअर घेताय म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या सासूबाईंनी. ऐका. सैन्यात आम्ही नेहमी मधलं घ्यायचो. लहान बूट चावतो, मोठा निसटतो."

"बूट आणि सॉफ्टवेअर यांत फरक असतो, मेजरसाहेब."

"असतोच ना. बूट मी घातलेत," मेजर म्हणाले आणि मिरची उलटवली.

तळमजल्यावरच्या पेर्सा काकू मिरच्या सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं की त्यांच्या भाच्याने जर्मनीत मोठी आवृत्ती घेतली आणि त्याची फर्म बुडाली. मी विचारलं, सॉफ्टवेअरमुळे बुडाली? "नाही, बायकोमुळे," काकू म्हणाल्या, "पण सॉफ्टवेअरही होतंच की तिथे." मग त्यांनी मला सोलायला बसवलं. वर आलो तेव्हा माझ्याकडे सात सल्ले, दोन भाजलेली बोटं आणि कचऱ्याची पिशवी तशीच्या तशी होती.

खरं सांगायचं तर उत्तर मला पहिल्याच दिवशी मिळालं होतं. लहान आवृत्तीत तीन माणसांना कागद आत घालता येतो आणि बदलता येतो. बाकीचे 'फक्त पाहणारे', त्यांना हवं ते बघता येतं, पण हात लावता येत नाही. आमच्याकडे कागदांना खरोखर हात लावणारी माणसं तीनच: मी, हिशेबनीस, आणि दफ्तर सांभाळणाऱ्या देसांकाबाई. लहान आवृत्ती आम्हाला अंगावर शिवल्यासारखी बसत होती. मी तिघांची नावं वर आणि आठ 'फक्त पाहणारे' खाली अशी यादी टाइप केली आणि सूचनाफलकावर लावली. ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि माझ्या लग्नाचा फोटो जमेस धरून हे म्हणतोय.

सकाळी साडेआठला ड्रायव्हर झिवादिन माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बसला नाही. उभा राहिला.

"तेवीस वर्षं," तो म्हणाला.

"काय तेवीस वर्षं?"

"तेवीस वर्षं या फर्मचे कागद मी नेतो-आणतो. बर्फात नेले, पुरात नेले. एक कागद हरवला माझ्याकडून?"

"नाही."

"आणि मी बघ्या?"

मी समजावलं की हा सॉफ्टवेअरमधला शब्द आहे, यात अपमान काही नाही. तो म्हणाला, "मग तुमचं नाव खाली घाला आणि माझं वर. अपमान नाहीच आहे तर."

दहा वाजेपर्यंत पाचही मेकॅनिक हत्यारं खाली ठेवून स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. त्यांच्यातला वडीलधारा सांगत होता की ज्या लिफ्टखाली तो पाठीवर झोपतो त्या लिफ्टच्या कागदाला हात लावायची आपली लायकी नाही हे त्याला आजच कळलं. साफसफाईच्या रुझाबाईंनी तर कपाट पुसायचंच थांबवलं. "मी बघणारी आहे ना," त्या म्हणाल्या, "मग बघते. धूळ छान दिसतेय." आणि देसांकाबाई, ज्यांचं नाव वरच्या तिघांत होतं, त्याही फुगल्या, कारण ते हिशेबनिसाच्या खाली होतं.

मी सासऱ्यांकडे बघितलं. ते मध्ये पडणार नव्हते. फक्त एकदा खाकरून म्हणाले, "मालक कुठे आहे त्या यादीत?" मालक आठ बघणाऱ्यांत होते. आता सांगा, ज्या माणसाने आयुष्यात संगणकाला बोट लावलेलं नाही, जो त्याला अजून 'तो टीव्ही' म्हणतो, त्याला कागद आत घालायचा अधिकार कशाला हवा? पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार? मी नाही सांगितलं. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं.

तेव्हा लहान आवृत्ती बाद झाली. मोठीत कितीही माणसं चालत होती, पण तिच्या किमतीत एक नवी लिफ्ट आली असती. राहिली मधली. मेजर बरोबर ठरले, याचा मला आजही त्रास होतो.

आणि इथे माझा कुम उगवला. लग्नात जो साक्षीला उभा राहतो तो कुम. तो सख्ख्या भावाहून वरचा, आणि देवाला नाही म्हणता येतं पण कुमाला नाही. माझा कुम वुकाशिन दहा वर्षं फरशा विकायचा. गेल्या वर्षापासून तो, बाकी काही सुचलं नाही म्हणून की काय, नेमकं हेच सॉफ्टवेअर विकत होता. कुमाला विचारलं नाही तर तो अपमान, आणि विचारलं तर त्याच्याकडूनच घ्यावं लागणार. अर्ध्या तासात तो घरी पोचला, आल्याबरोबर त्याने तीन वेळा माझे गाल चुंबले आणि आलुबुखाराची दारू ओतून मोठी आवृत्ती घे म्हणाला.

"कुमा, मोठी परवडत नाही."

"परवडण्याचं मी बोलतोय का? मी तुझ्या भवितव्याचं बोलतोय."

"माझ्या भवितव्यात अकराच माणसं आहेत."

"बरं, मधली घे. पण माझ्यामुळे घेतोयस असं नको. मनापासून घे."

मी मनापासून मधली घेतली. सही करून झाल्यावर, दुसरा पेला रिकामा करताना, त्याने सांगितलं की मधल्या आवृत्तीत कागदाला हात लावणारे जास्तीत जास्त दहा.

मी मोजलं. आम्ही अकरा.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात सभा झाली. मी विषय मांडला: दहा जागा, अकरा माणसं. मग हळूहळू दहा तोंडं माझ्याकडे वळली. कोणाच्या तोंडावर राग नव्हता. उलट प्रेमच होतं.

"तुम्हाला कसला मानपान, जावईबापू," देसांकाबाई म्हणाल्या. "तुम्ही घरचेच."

एकोणीस वर्षं मी वाट बघत होतो की या लोकांनी मला घरचा म्हणावं. आणि म्हटलं ते कधी, तर माझ्या पानातली भाकरी उचलताना. मला फार वाईट वाटलं. मी हसलो, 'हो हो, घरचाच' म्हणालो आणि दहा नावांची यादी केली. पहिलं नाव ग्वोझ्देन, दहावं रुझाबाई. सॉफ्टवेअर निवडणारा, तक्ता पाठ करणारा अर्थशास्त्राचा पदवीधर फक्त पाहणारा.

ही यादी सॉफ्टवेअर कंपनीला बेलग्रेडला कळवायची होती. मी ती ईमेलने पाठवली. मदत विभागातल्या बाईंचा फोन आला. त्यांनी थंडपणे सांगितलं की यादी फर्मच्या छापील कागदावर हवी, मालकाची सही हवी आणि गोल शिक्का हवा. पोस्टाने, नोंदणी करून.

"बाई," मी म्हणालो, "तुम्ही कागद संपवणारं सॉफ्टवेअर विकता ना?"

"हो."

"आणि शिक्क्याची सक्ती कायद्याने कधीच उठवलीय."

"कायदा उठवू दे," बाई म्हणाल्या. "शिक्का नसेल तर तुम्हीच पाठवलंय कशावरून?"

खरं तर आम्हीही शिक्का नसलेलं पत्र उघडून बघत नाही. सासऱ्यांनी खिशातून शिक्का काढला, कारण तो त्यांच्या खिशाबाहेर कधी राहत नाही, त्यावर दोनदा फुंकर मारली आणि दाबला. पुढेही एखादं नाव बदलायचं झालं तर असाच कागद लागेल, बाईंनी बजावलं. फारच निकड असेल तर फोटो चालेल, पण फोटोत शिक्का दिसला पाहिजे.

आता प्रश्न उरला, दोनशे चौदा लिफ्टचे कागद आत घालणार कोण? अधिकार दहा जणांना होता, वेळ एकालाही नव्हता. मेकॅनिक लिफ्टखाली. हिशेबनीस रजेवर. देसांकाबाई एका बोटाने टाइप करतात आणि दर ओळीनंतर कॉफी घेतात. शिवाय त्यांचं दफ्तर लिफ्टच्या नंबरावर नाही, तर त्या त्या इमारतीच्या प्रमुखाच्या घरी कुळाचा म्हणून कोणत्या संताचा सण होतो त्यावर लावलेलं आहे. निकोलाच्या इमारती एका कपाटात, ग्योर्गेच्या दुसऱ्या. या पद्धतीला त्यांच्यापाशी कारण आहे: सणाच्या दिवशी बिल पाठवायचं नसतं आणि मेकॅनिक मात्र जरूर पाठवायचा असतो, म्हणजे तो जेवून येतो. एकतीस वर्षं हे असंच चाललंय. सॉफ्टवेअरच्या सत्तेचाळीस ओळींत संतांची सोय नव्हती.

शेवटी मी झिवादिनचा पासवर्ड मागितला. तो त्याने गाडीतल्या आरशामागे चिकटवून ठेवला होता. तीन आठवडे मी ड्रायव्हरच्या नावाने आत शिरायचो आणि एकेक फाइल भरायचो. निकोलाच्या पंचेचाळीस झाल्या, ग्योर्गेच्या अडतीस, मग बाकीचे संत. डोळे लाल झाले. झिवादिन येता-जाता डोकावून विचारायचा, "माझं कुठवर आलंय?"

शेवटच्या शुक्रवारी, फाइल पूर्ण, फीत बांधलेली बोली काखेत, संगणक हातात, असा मी इमारत कार्यालयात पोचलो. समिती चौथ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. दारावर 'बंद' असा कागद होता, सही-शिक्क्यासकट. तिची देखभाल करणारी फर्म म्हणजे आमचे प्रतिस्पर्धी, आणि त्यांचे दोघे सुटाबुटात आधीच वर बसलेले. त्यांनी मोठी आवृत्ती घेतली होती. ते त्यांनी मी न विचारता सांगितलं.

समितीच्या अध्यक्ष नाडेझ्दाबाई, बारीक चष्म्याच्या, आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी माझी बोली चाळली आणि म्हणाल्या, "दाखवा बरं. एखादी लिफ्ट काढा."

मी काढली. पाच सेकंदांत. मला स्वतःचा अभिमान वाटला.

"छान. ही कोणी भरली?"

मी पडद्याकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. त्यांनी दुसरी काढली, दहावी काढली, शेवटची काढली.

"हे झिवादिन स्टोशिच कोण? अभियंता?"

"ड्रायव्हर."

नाडेझ्दाबाईंनी चष्मा खाली घेतला. "दोनशे चौदा लिफ्टची तांत्रिक कागदपत्रं तुमच्याकडे ड्रायव्हर भरतो?"

"नाही बाई, मी भरली. नाव त्याचं आहे."

"म्हणजे सगळं खोट्या नावाने."

"खोटं नाही. नाव खरं आहे. फक्त माझं नाही."

त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा. म्हणाल्या, जो माणूस जबाबदार आहे त्याने स्वतःच्या नावाने आत शिरावं आणि सगळ्या कागदांची जबाबदारी घेतल्याचं पत्र त्यात घालावं. दोनच्या आत. नाहीतर बोली बाद. मी म्हणालो, मला अधिकार नाही. "मग कोण आहात तुम्ही?" त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने. सुटाबुटातले दोघे खिडकीबाहेर बघू लागले.

मी बाहेर येऊन कचेरीत फोन लावला. देसांकाबाई आणि रुझाबाई दरवर्षी कचेरीच्या अंगणात फर्मपुरत्या मिरच्या भाजतात आणि त्या दिवशी कोणी काम करत नाही. तो दिवस हाच निघाला. फोन देसांकाबाईंनी उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. मी सांगितलं: दहातलं एक नाव काढायचं, माझं घालायचं, नाहीतर कंत्राट गेलं.

"रुझाचं काढा," देसांकाबाई म्हणाल्या. "तिला काय करायचंय."

"का? मी काय रस्त्यावरची आहे?" रुझाबाई म्हणाल्या. "या एका बोटाने टाइप करतात, यांचं काढा."

मेकॅनिकांचं म्हणणं पडलं की पाचांतून एक काढला तर चौघांना तोंड दाखवायला जागा नाही, काढायचे तर पाचही काढा, पण मग ते लिफ्टखाली झोपणार नाहीत. झिवादिन तर भलताच गंभीर झाला होता. "माझं कसं काढणार? अध्यक्षीणबाईंनी माझं नाव वाचलं ना? काय म्हणाल्या त्या?"

आणि मग मी ओरडलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. सरकारी जिन्यात उभा राहून, सगळे मजले ऐकतील असा. म्हणालो, खुर्ची दिलीत ती मोडकी दिलीत, मी बसलो. जेवायला बोलावलंत ते शेवटी बोलावलंत, मी जेवलो. आता तीन आठवडे डोळे फोडून तुमची पोटं वाचवतोय तर त्यावर माझं नाव नको? मी एवढा घरचा असेन तर घरचा असल्याचा मला एकदा तरी फायदा होऊ द्या. आणि फोन बंद केला.

मग मी पायरीवर बसलो. कंत्राट गेलं हे मला कळत होतं. त्याच्या वर घरही गेलं असं वाटत होतं, कारण फोन टेबलावर होता आणि सासरे मिरच्या भाजायला नेहमी टेबलाजवळच बसतात.

एक वाजून वीस मिनिटांनी खालून काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा. मी धावत खाली गेलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये सासरे उभे होते, हात कोपरापर्यंत काळे, सदऱ्याला धुराचा वास. मी आधाराला हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला नाही.

वर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा सुटाबुटातल्या दोघांना विचारलं, "ही खालची लिफ्ट तुमची? ब्रेकची पट्टी संपलीय. दारातून वास येतोय." मग खुर्चीत बसले, श्वास घेतला आणि माझ्याकडे फर्मचा एक कोरा छापील कागद सरकवला, कचेरीतून आणलेला.

"लिही," ते मला म्हणाले.

"बाबा, कोणाचं नाव काढायचं?"

"पहिलं."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. पहिलं नाव त्यांचं होतं.

"बाबा, तुम्ही मालक आहात."

"मालक आहे म्हणूनच सांगतोय. तो टीव्ही मला कुठे चालवता येतो. लिही. ग्वोझ्देनचं काढा, तिहोमिरचं घाला."

एकोणीस वर्षांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नव्हतं. मी लिहिलं, आणि अक्षर वाकडं आलं. त्यांनी सही केली, शिक्क्यावर दोनदा फुंकर मारली आणि दाबला. शेजारी अंगठ्याचा काळा ठसाही उमटला. बेलग्रेडच्या बाईंना मी फोटो पाठवला. त्यांनी फोन करून विचारलं की शिक्का कळला, पण बाजूचा काळा डाग काय आहे. "मिरची," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, मिरचीला हरकत नाही. एक वाजून चोपन्न मिनिटांनी मी माझ्या नावाने आत शिरलो आणि जबाबदारीचं पत्र आत घातलं.

कंत्राट आम्हाला मिळालं. प्रतिस्पर्ध्यांनी मोठी आवृत्ती घेतली होती हे खरंच होतं, पण नाडेझ्दाबाईंनी 'एखादी लिफ्ट काढा' म्हटल्यावर आत एकही कागद निघाला नाही. अर्थात याने माझा संताप काही कमी झालेला नाही. झिवादिन अजून सगळीकडे सांगतो की शहराने त्याचं नाव वाचून कंत्राट दिलं. कुम दर रविवारी येतो आणि मोठी आवृत्ती का घेत नाही म्हणून विचारतो. मेजर मला जिन्यात भेटले की नुसतेच माझ्या बुटांकडे बघतात.

आणि सासरे फक्त पाहणारे झाले. स्टानाने त्यांना घरी संगणक लावून दिला आणि एक बोट कुठे दाबायचं ते शिकवलं. तेव्हापासून ते सकाळी सातला बसतात ते दुपारच्या जेवणापर्यंत. हात लावता येत नाही, म्हणून फोन करतात. काल सकाळपासूनचा चौथा फोन आला. "त्या एकशे बाराव्या लिफ्टच्या तपासणीची तारीख नीट बघ. दोन आकडे उलटे पडलेत."

माझाही तोल गेला. म्हणालो, "बाबा, मी दिवसभर दुसरं काही करूच नको का? माझं प्रत्येक अक्षर कशाला बघत बसता?"

"एकोणीस वर्षं बघितलं नाही, तिहोमिर," ते म्हणाले. "आता बघू दे की."

मी एकशे बारावी फाइल उघडली. आकडे खरंच उलटे होते. ते सरळ केले आणि त्यांना दिसावं म्हणून फाइल थोडा वेळ तशीच उघडी ठेवली.